कोयता एक, माणसं दोन

धुळ्याहून सुरतेकडे निघालेल्या महामार्गावर, नवापूरच्या अलीकडे विसरवाडी लागतं. आठवडी बाजार, ग्रामीण रुग्णालय, पोलिस ठाणं आणि भोवती मावची, कोकणी, भिल्ल वस्तीची गावं. भातकापणी आटोपली की याच रस्त्याने ऊसतोडीच्या टोळ्या बारडोली-सुरतेच्या बाजूला जातात. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कधी सोबत एखादं पोरही. उचल कोयत्यावर मिळते, ती बहुधा नवरा घेतो आणि वहीत नावही त्याचंच लागतं. बाई पहाटे उठून भाकऱ्या करते, मग फडात उतरते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडी भरू लागते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तो कोयत्याचा. त्यातला तिचा वाटा किती, हे त्या वहीतून काढताच येत नाही.

देशोदेशींची स्त्री-पुरुष समता आकड्यांनी मोजण्याची खटपट गेली पन्नास वर्षं चालू आहे. तिचा आढावा मला या वहीपासून घ्यावासा वाटतो, कारण जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये छापलेला प्रत्येक क्रमांक शेवटी अशाच कुठल्या तरी वहीतून निघालेला असतो. त्या वहीत बाई स्वतंत्रपणे मोजली गेली आहे की घराच्या, जोडीच्या, कुटुंबप्रमुखाच्या पोटात तिला धरलं आहे, यावर वरच्या सगळ्या गणिताची भिस्त असते. सूत्रांवर वाद पुष्कळ होतात. वहीवर फार कमी होतात.

1975 साली मेक्सिको शहरात पहिली जागतिक महिला परिषद भरली. 1979 मध्ये स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा सीडॉ करार झाला. भारताने तो 1993 मध्ये मान्य केला. 1995 च्या बीजिंग परिषदेत स्त्री आणि पुरुषांचे आकडे वेगवेगळे गोळा करून प्रसिद्ध करायचं सरकारांनी कबूल केलं, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने आपल्या मानव विकास अहवालात समतेचे दोन निर्देशांक पहिल्यांदा मांडले. पुढे 2006 पासून वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा जेंडर गॅप निर्देशांक दरवर्षी येऊ लागला. 2010 मध्ये विकास कार्यक्रमाने लिंगाधारित विषमतेचा नवा निर्देशांक आणला. 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत पाचवं उद्दिष्ट स्त्री-पुरुष समतेचं आहे.

आपल्या वर्तमानपत्रांत गाजतो तो फोरमचा क्रमांक. 2025 च्या यादीत 148 देशांत भारत 131 वा होता. आइसलँड नेहमीप्रमाणे पहिला, आणि बांगलादेश एकदम 24 वा. बांगलादेशची ही उडी ऐकून लोक चकित होतात. निर्देशांकाच्या पोटात डोकावलं की कारण दिसतं: गेल्या पन्नास वर्षांत किती वर्षं देशाच्या प्रमुखपदी स्त्री होती, हाही त्यातला एक घटक आहे आणि ढाक्याच्या सत्तेवर तीन दशकं दोन स्त्रियाच आलटून पालटून होत्या. हे मोजू नये असं मी म्हणत नाही. पण बांगलादेशातल्या शेतमजूर बाईच्या दिवसात त्यामुळे काय बदललं, हे त्या आकड्यातून कळत नाही.

याहून महत्त्वाचा फरक मोजपट्टीच्या जातीतच आहे. फोरमचा निर्देशांक फक्त अंतर मोजतो. बाई आणि पुरुष दोघंही सारखेच गरीब, सारखेच अशिक्षित असले तरी गुण पूर्ण मिळतात. विकास कार्यक्रमाचा निर्देशांक मातामृत्यू, किशोरवयातली बाळंतपणं, माध्यमिक शिक्षण, संसदेतल्या जागा आणि श्रमातला सहभाग एकत्र करतो, म्हणजे अंतराबरोबर पातळीही त्यात येते. त्यामुळे दक्षिण कोरिया एका यादीत पहिल्या वीसांत असतो आणि दुसरीत शंभराच्या आसपास. तिथे बाळंतपणात बाई सहसा दगावत नाही, पण कचेरीत आणि संसदेत ती पुरुषाच्या खूप मागे आहे. रवांडाचं याच्या उलट. तिथल्या संसदेत साठ टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत, शेतात जवळजवळ प्रत्येक बाई राबते, म्हणून अंतराच्या यादीत तो देश अनेक वर्षं पहिल्या दहांत राहिला.

आता हीच दोन मापं नंदुरबारला लावून बघा. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यातले 69 टक्के आदिवासी. हजार पुरुषांमागे 978 स्त्रिया. महाराष्ट्रात तेव्हा 929 होत्या. सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे 944 मुली, आणि त्याच गणनेत बीड जिल्ह्यात 807. कामकरी स्त्रियांचं प्रमाणही राज्याच्या सरासरीच्या वर. अंतराच्या मापाने नंदुरबार महाराष्ट्राच्या पुढच्या ओळीत बसेल. पण स्त्री साक्षरता 56 टक्क्यांच्या आसपास, राज्यात 76. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त, 57 टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. कमी वजनाचं मूल बहुतेक वेळा अशक्त आईच्या पोटी आलेलं असतं. पातळीच्या मापाने हाच जिल्हा तळाला जातो. साक्षरतेत बीड नंदुरबारच्या पुढे आहे आणि मुली जन्माला येऊ देण्यात फार मागे. म्हणून एकच क्रमांक देऊन जिल्ह्याची किंवा देशाची समता सांगणं मला चुकीचं वाटतं. कोण कशात मागे, हे वेगवेगळंच सांगितलं पाहिजे.

944 या आकड्यावरून आदिवासी समाजात समता नांदते असं ठरवून मोकळं होण्याची सवय शहरी लेखकांना आहे. इकडे लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात, विधवेला पुन्हा घर मांडता येतं, मुलगी ओझं मानली जात नाही, हे खरं. तिच्या कष्टांची किंमत तिथे उघड आहे. पण जमीन? 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. तो कायदा मात्र कलम 2(2) नुसार अनुसूचित जमातींना लागूच नाही. सातारा-सांगलीतली मुलगी ज्या कलमावर बोट ठेवून भावाकडे वाटा मागू शकते, ते कलम नवापूर तालुक्यातल्या मावची मुलीसाठी नाही.

हा फरक जागतिक मोजणीत कुठे दिसतो? जागतिक बँक ‘विमेन, बिझनेस अँड द लॉ’ नावाच्या अहवालात 190 देशांचे कायदे तपासून गुण देते. त्यात गृहीत धरलेली बाई देशाच्या मुख्य व्यापारी शहरात राहते. भारतासाठी ते शहर मुंबई. तुलना सोपी व्हावी म्हणून असं करावं लागतं, हे समजू शकतं. पण परिणाम असा की वारसाहक्काच्या रकान्यात भारताच्या नावापुढे जे उत्तर लागतं ते मुंबईच्या बाईचं असतं, आणि विसरवाडीच्या बाईचं उत्तर त्याच राज्यात, त्याच संविधानाखाली वेगळं असूनही त्याला जागा नाही.

सगळ्यात मोठी गळती मात्र कामाच्या मोजणीत आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

नवापूरच्या बाजूची एखादी बाई घ्या. चैत्राच्या तोंडावर ती तांबडं फुटायच्या आत टोपली घेऊन मोहाखाली जाते, फुलं वेचते, अंगणात वाळत घालते. येताना लाकडाचा भारा. मग पाणी, स्वयंपाक, ढोरांचं शेण, परसातल्या कोंबड्या. दुपारी शेतावर. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत प्रत्येक माणसाला कामाचा एक सांकेतिक क्रमांक मिळतो. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला 92. घरकामाबरोबर घरासाठी लाकूडफाटा, भाजीपाला, कंदमुळं, चारा गोळा करणारीला 93. आणि 92 असो की 93, ती श्रमशक्तीच्या बाहेर. तिचा क्रमांक 11 येतो का, 21 येतो का, म्हणजे ती स्वतःच्या धंद्यातली धरली जाते की घरच्या शेतीतली बिनपगारी मदतनीस, हे सर्वेक्षक पुढे किती खोदून विचारतो यावर ठरतं. त्यात उत्तर बहुतेक वेळा घरातला पुरुष देतो, आणि ‘बायको काय करते?’ या प्रश्नाला त्याचं तयार उत्तर असतं: ‘घरीच असते.’ प्रश्न विचारले जातात मराठीत, घरात बोली मावची.

प्रश्न बदलला की बाई कशी दिसेनाशी होते याचा पुरावा आपल्याच जनगणनेत आहे. 1961 च्या गणनेत देशात सुमारे 5.9 कोटी स्त्रिया कामकरी नोंदल्या गेल्या. 1971 मध्ये कामकरी कोणाला म्हणायचं याची व्याख्या आवळली, मुख्य काम कोणतं तेवढंच विचारलं, आणि आकडा 3.1 कोटींवर आला. दहा वर्षांत पावणेतीन कोटी बायकांनी शेत सोडलं नव्हतं. 1976-77 मध्ये देवकी जैन यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत दिवसाचे तास मोजायला लावले, तेव्हा ‘काम करत नाही’ अशी नोंद असलेल्या बायका राबताना सापडल्या. 1991 च्या जनगणनेत प्रश्नाच्या आतच शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं काम धरावं, हे शब्द घालावे लागले. वीस वर्षं लागली त्याला.

महाराष्ट्राकडे याहून बोलका पुरावा होता, रोजगार हमीच्या मस्टरचा. 1972 च्या दुष्काळात वाढलेल्या आणि पुढे कायद्याने पक्क्या झालेल्या या योजनेत कामावर यायला कोणाची परवानगी नको, नवऱ्याच्या नावावर पाटी नको, मजुरी कामाच्या मापाने. बाया हजारोंनी खडी फोडायला आणि बांध घालायला आल्या. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर यांनी 1983 साली योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी म्हणूनच. ‘आमच्याकडे बायका कामाला जात नाहीत’ असं म्हणणाऱ्या गावांच्या मस्टरवर बायकांचे अंगठे होते. मजूर म्हणून स्वतःच्या नावाने हजेरी लागली की बाई आकड्यात येते, ही गोष्ट महाराष्ट्राने जगाला दाखवली आणि आपणच तिचा पुरेसा उपयोग केला नाही.

अलीकडचे आकडे बघताना हे सगळं आठवावं लागतं. सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमातला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 झाला, ग्रामीण भागात तर 47.6. हे वाढीचं यश म्हणून सांगितलं जातं. काही वाढ खरीच असेल. पण कामकरी धरलेल्या स्त्रियांपैकी जवळपास 37 टक्के घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. पूर्वी 93 मध्ये जाणारी बाई 21 मध्ये आली, एवढंच काही ठिकाणी घडलं असावं असं मला वाटतं. तसं असेल तर आकडा सत्याच्या जवळ गेला, याचा आनंदच आहे. मात्र तिच्या हातात पैसा आला, असा त्याचा अर्थ लावू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पुढाकाराने 2013 मध्ये झालेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या ठरावाने घरासाठीचं सगळं उत्पादन आणि सेवा हे ‘काम’च आहे असं मान्य केलं, पण ‘रोजगार’ मात्र मोबदल्याच्या किंवा नफ्याच्या कामापुरता ठेवला. मोहफुलं बाजारात नेली तर रोजगार, घरी ठेवली तर नुसतं काम.

वेळेची मोजणी हा यावरचा उत्तम उपाय आहे. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष 97, असं आलं. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. वर्तमानपत्रांनी तिपटीचा फरक म्हणून मथळे दिले. खरा फरक त्याहून मोठा आहे, कारण ही सरासरी फक्त ते काम केलेल्यांची. 2019 मध्ये त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या स्त्रिया 81 टक्के होत्या, पुरुष 26. सगळ्या पुरुषांवर ती मिनिटं वाटली तर वाट्याला पंचवीस येतात, सगळ्या स्त्रियांवर वाटली तर चार तास. सरासरी कोणाची काढली, हे छोट्या अक्षरात असतं आणि गोष्ट तिथेच असते.

आकड्यांवर एवढी टीका केल्यावर कोणी म्हणेल, मग मोजताच कशाला? मोजलं म्हणूनच कायदे झाले. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव असलेल्या समितीने 1974 च्या डिसेंबरात ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ हा अहवाल पुरा केला. 1901 मध्ये हजारामागे 972 असलेलं स्त्रियांचं प्रमाण 1971 मध्ये 930 वर आलं आहे, हे त्यातलं निदान स्वातंत्र्यानंतरच्या समाधानाला तडा देणारं होतं. कुमुदिनी दांडेकर यांनी 1975 मध्ये याच घसरणीचा शोध घेणारा लेख लिहिला. अमर्त्य सेन यांनी 1990 मध्ये जगातल्या दहा कोटी हरवलेल्या स्त्रियांचा हिशेब मांडला तो याच वाटेवरचा. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी दवाखान्यांतल्या गर्भजल परीक्षेचे आकडे काढले आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा 1994 मध्ये आला. तरी राज्यातलं बालकांमधलं प्रमाण 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894 असं उतरतच गेलं. कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवली गेली, तिथे 839 चे 863 झाले. बीडमध्ये 894 चे 807.

गडचिरोलीत 1989 साली राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले: 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. तोवर जगाच्या आरोग्य खात्यांसाठी खेड्यातली बाई म्हणजे गर्भ आणि प्रसूती एवढीच होती. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे आकडे आले: सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं. ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं चालू होती. मोजली गेली बातम्या आल्यानंतर. नंदुरबारहून गुजरातच्या फडावर जाणाऱ्या बायकांची अशी मोजणी व्हायला हवी. राज्याची सीमा ओलांडली की त्या कोणत्या खात्याच्या रजिस्टरवर, हे आधी ठरवावं लागेल.

मातामृत्यूचंही असंच. 2018-20 मध्ये महाराष्ट्राचा दर लाखामागे 33 होता, देशाचा 97. अभिमान वाटावा असा आकडा आहे. पण तो ज्या नमुना नोंदणी पद्धतीतून येतो, तिचा नमुना राज्यापुरता पुरतो. जिल्ह्याचा दर त्यातून निघत नाही. विसरवाडीच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचलेली बाई रजिस्टरवर येते. सिकलसेल असलेली, रक्त कमी असलेली, कारखान्याच्या तळावर कळा लागलेली बाई त्या 33 मध्ये मिसळून जाते, पुण्याच्या बाईबरोबर.

सत्तेचा आकडाही देशपातळीवर अडकला आहे. फोरम संसद आणि मंत्रिमंडळ मोजतो. 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74 स्त्रिया, म्हणून भारत मागे. नंदुरबारच्या जागेवर 2014 पासून दहा वर्षं हीना गावित होत्या, तेव्हा त्या आकड्यात हा जिल्हा होता, आता नाही. याच काळात ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद स्त्रियांना निम्म्या जागा होत्या, महाराष्ट्रात 2011 पासून आहेत. शाश्वत विकासाच्या पाचव्या उद्दिष्टात स्थानिक संस्थांचा वेगळा रकाना आहे आणि तिथे भारत चांगला दिसतो. सरपंचबाई सही करते की निर्णय घेते, हा प्रश्न रास्त आहे. तो आमदारांनाही विचारावा.

आणि हे सगळे आकडे गोळा कोण करतं? गर्भवतींची नोंद आशा करते, वजनं अंगणवाडी सेविका घेते आणि आता पोषण ट्रॅकरवर मोबाइलमधून भरते. पाड्यावर रेंज नसली की संध्याकाळी रस्त्यावर येऊन. सरकारच्या लेखी आशा स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला आहे, सेविकेला मानधन. ज्या बायकांच्या हातून देशाची समतेची आकडेवारी तयार होते त्यांनाच देश कर्मचारी म्हणत नाही. हे आधी दुरुस्त व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या आकड्याला मोजणाऱ्याचा चांगला पगार लागतो.

2021 ची जनगणना झालीच नाही. नवी 2027 ची जाहीर झाली आहे, संदर्भदिनांक 1 मार्च 2027. मार्चचा पहिला दिवस ऊसतोडीच्या हंगामात येतो, म्हणून फडावरच्या तळांवर प्रगणक पोचलाच पाहिजे आणि त्याने कोपीतल्या बाईला स्वतंत्रपणे, तिच्या बोलीत विचारलं पाहिजे. पण काही मोजण्यांसाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घर किंवा जमीन एकटीच्या वा जोडीने नावावर असलेल्या महाराष्ट्रातल्या स्त्रिया 2015-16 मध्ये 34 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 23. एवढी घसरण खरी की प्रश्न समजून घेण्यातला फरक, हे फक्त कागद बघून कळेल. आणि नवापूर तालुक्यात कागद आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(4) सांगतं की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असला पाहिजे. पट्ट्याच्या प्रती गावागावांत लोकांच्या पेटीत आहेत. किती पट्ट्यांवर बाईचं नाव आहे, किती ठिकाणी फक्त ‘पत्नी’ असं लिहून नाव कोरं सोडलं आहे, विधवेचा पट्टा तिच्या नावावर आहे की दिराच्या, हे एखादी ग्रामसभा एका बैठकीत मोजू शकते, आणि कोऱ्या जागेत नाव घालून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी उपविभागीय समितीकडे पाठवू शकते.